धागा: पोकेमॉनची पहिली मालिका घडली कशी? (गेमबॉय ते सेल, आणि मधला १६ डिसेंबर)

काजळरेघ (धागाकर्ती)

लहान मुलांच्या मालिकांच्या धाग्यावर पोकेमॉनचा विषय निघाला आणि गाडी भलतीकडे गेली, म्हणून हा वेगळा धागा. इथे फक्त पहिली मालिका घेऊ: १ एप्रिल १९९७, मंगळवार, संध्याकाळी साडेसहा, टीव्ही टोकियो. कोणता पोकेमॉन भारी ही भांडणं कृपया तिकडेच.

मुळात करणाऱ्यांच्या हातात काय होतं ते बघा. २७ फेब्रुवारी १९९६ ला आलेला गेमबॉयचा खेळ, रेड आणि ग्रीन अशा दोन आवृत्त्या. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग नाहीच, नुसत्या चार छटा. प्राणी १५१ आणि लढाईत प्रत्येकाच्या दोनच आकृत्या, एक समोरून, एक पाठमोरी. हल्ला झाला की आकृती थरथरायची नाहीतर लुकलुकायची. आवाज म्हणजे चिपमधून निघणारी किरकिर. नायक अवाक्षर काढत नाही, कारण खेळणारं पोरच नायक. म्हणजे गोष्ट सांगायला लागतं ते जवळजवळ काहीच नाही. आठ बिल्ले जिंकायचे आणि शेवटी लीग ही स्पर्धा, एवढा सांगाडा मात्र तयार मिळाला.

दिग्दर्शक कुनिहिको युयामा, मालिकेची कथाजुळणी ताकेशी शुदो, स्टुडिओ ओएलएम. युयामा-शुदो ही जोडी १९८२ च्या ‘मिंकी मोमो’पासूनची, तेव्हा मुलांसाठी लिहिणं त्यांना नवं नव्हतं. त्यांनी घेतलेले तीन निर्णय मला पायाचे वाटतात:

प्राणी माणसासारखे बोलणार नाहीत, फक्त स्वतःचं नाव घेतील. एक प्राणी, पिकाचू, पकडलेले प्राणी ठेवतात त्या चेंडूत जायला नकार देईल, म्हणजे तो कायम पडद्यावर राहील. आणि नायक अडाणी असेल, म्हणजे प्रेक्षकाला जे समजावायचं ते त्याला समजावता येईल.

तिन्ही निर्णय कागदावर सोपे दिसतात. प्रत्येकाची किंमत पुढे कुठे ना कुठे मोजावी लागली. जाणकारांनी भर घालावी.

---

निशाचर

चौथा निर्णय राहिला: पिकाचूच का?

खेळात सुरुवातीला तिघांतला एक निवडायचा असतो, बुल्बासॉर, चारमँडर किंवा स्क्वर्टल. पिकाचू त्यांत नाही. तो पुढे विरिडियनच्या जंगलात मिळतो, तोही पाच टक्के भेटींत. म्हणजे नायक सोडाच, तो तसा कोपऱ्यातला प्राणी. कोरोकोरो मासिकातल्या सुरुवातीच्या कॉमिकमध्ये जोडीदार होता क्लेफेरी, जपानी नाव पिप्पी, आणि मालिकेसाठीही आधी त्याचाच विचार होता.

तिघांपैकी एक घेतला असता तर बाकी दोन निवडलेली मुलं नाराज. पहिल्या भागात युक्ती केली आहे ती पाहा: नायक ॲश उशिरा उठतो, तिन्ही आधीच गेलेले असतात, उरतो तो हा. कुणाच्याच निवडीचा अपमान नाही.

पिकाचूचं मूळ रेखाटन आत्सुको निशिदा यांचं, चित्रांची एकूण धुरा केन सुगिमोरींकडे. पहिल्या खेळातला पिकाचू चांगलाच गुटगुटीत आहे, डोकं आणि धड जवळजवळ एकच गोळा. पुढे मान-कंबर दिसू लागली, पाठ सरळ झाली. ॲनिमेटरच्या नजरेने हे फार सोयीचं, कारण मान नसेल तर डोकं वळवण्यासाठी अख्खा प्राणी वळवावा लागतो.

---

फ्रेमवाला

निशाचर, सहमत. पण मान ही छोटी अडचण. मोठी अडचण मापांची.

खेळाच्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नोंदवहीत, प्रत्येकाची उंची-वजन दिलंय. पिकाचू ०.४ मीटर, ६ किलो. ओनिक्स, हा दगडी साप, ८.८ मीटर, २१० किलो. दोघे एका चौकटीत उभे करायचे तर प्रमाण एकास बावीस. तेव्हाच्या टीव्हीवर चित्राच्या ओळी साधारण ४८०. ओनिक्स उभा ताठ मावेल असं चित्र केलं तर पिकाचूच्या वाट्याला बावीस ओळी! त्यात डोळे, गाल, तोंड काय दिसणार? गेमबॉयवर हा प्रश्नच नव्हता, तिथे सगळे एकाच आकाराच्या चौकटीत कोंबलेले.

उपाय ठरलेले असतात. ओनिक्स वेटोळं घालून बसवायचा. पिकाचूच्या मागून, जमिनीलगतचा कॅमेरा लावायचा म्हणजे पिकाचू जवळ आणि मोठा, ओनिक्स दूर आणि तरी अवाढव्य. नाहीतर उंच पार्श्वभूमी रंगवून कॅमेरा खालून वर सरकवायचा, प्राणी स्थिर. हा शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त: एक चित्र, चार सेकंद वसूल.

यासाठी मॉडेल शीटबरोबर (पात्र कसं काढायचं त्याचा नमुना-कागद) तुलना-तक्ता लागतो: सगळे एका रेषेवर उभे, शेजारी ॲश. तो तक्ता टेबलावर नसेल तर एकाच भागात पिकाचू एका दृश्यात गुडघ्याएवढा आणि दुसऱ्यात कमरेएवढा. भागागणिक चमू बदलतो, तेव्हा असं होतंच.

रंगांचंही गणित असतं. पिकाचूला पिवळा, सावलीचा पिवळा, गालाचा लाल, पाठीचे दोन तपकिरी पट्टे, कानाची काळी टोकं. समोरून पट्टे दिसत नाहीत, म्हणजे समोरचं चित्र स्वस्त. शेपटी मात्र फसवी. विजेच्या आकाराची, सपाट, जाडी नाहीच. बाजूने छान दिसते, पण प्राणी वळताना मधल्या चित्रांत ती पत्र्यासारखी फिरवावी लागते आणि एखाद्या चित्रात कोन चुकला की लगेच डोळ्यांत खुपते. पोनिटा, हा घोडा, त्याहून वाईट. आयाळ-शेपटी म्हणून ज्वाळाच आहेत. प्राणी नुसता उभा असला तरी ज्वाळा हलत्या हव्यात, म्हणजे स्थिर चित्र वापरून चित्रं वाचवायची सोयच नाही. ज्वाळांची आवर्तनं वेगळ्या सेलवर काढून तीच पुन्हापुन्हा फिरवायची, दुसरा मार्ग नाही.

---

चिंगी

सेल सेल म्हणताय ते नक्की काय? आणि आठवड्याला एक भाग म्हणजे किती चित्रं?

---

एक्सशीट

चिंगी, सेल म्हणजे पारदर्शक ॲसिटेटचा ताव. पहिली मालिका सेलवरच झाली, संगणकावर रंगवणं पुढच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. क्रम असा:

पटकथा पक्की झाली की एकोन्ते, म्हणजे स्टोरीबोर्ड. भागाचा खरा दिग्दर्शक कागदावर इथे दिसतो. अर्ध्या तासाच्या भागात साधारण तीनशे कट, म्हणजे दृश्यांचे सलग तुकडे. प्रत्येक कटासाठी लेआउट: कॅमेरा कुठे, पार्श्वभूमी कुठून कुठवर, पात्रं किती मोठी. मग की-चित्रं, म्हणजे हालचालीतली मुख्य चित्रं. ती ॲनिमेशन दिग्दर्शकाकडे जातात. तो रंगीत पातळ कागद वर ठेवून चेहरे दुरुस्त करतो, मूळ चित्र खोडत नाही. मग त्यांच्या मधली चित्रं, इनबिटवीन. स्वच्छ रेघ यंत्राने सेलवर उतरते. रंग सेलच्या मागच्या बाजूने भरतात, म्हणून पुढून रेघ अखंड दिसते. पार्श्वभूमी पोस्टर कलरमध्ये वेगळी. सगळे थर कॅमेऱ्याखाली एकावर एक ठेवून चित्रीकरण, टीव्हीसाठी सहसा १६ मिमी फिल्मवर. मग संकलन, आणि आवाज सगळ्यात शेवटी.

आता हिशेब. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम. प्रत्येक चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. एकवीस मिनिटं असं सतत केलं तर दहा हजारांवर जातं. जपानी टीव्ही मालिकेच्या भागाला मात्र तीन ते चार हजारच्या आसपास चित्रांत भागवायचं असतं. उरलेलं कुठून येतं? स्थिर चित्र आणि हलतं तोंड. तोंडाच्या तीनच अवस्था: मिटलेलं, अर्धं, उघडं. वर फ्रेमवालांनी सांगितलेला सरकता कॅमेरा. हल्ल्याच्या वेळी मागे धावत्या रेघा आणि पुढे एकच चित्र. आणि पुनर्वापर: चेंडू फेकणं, टीम रॉकेट या खलनायकांची घोषणा, हरल्यावर त्यांचं ‘आकाशात नाहीसे होणं’. ती घोषणा दर भागात आहे ती नुसती गंमत म्हणून नाही.

सगळ्याची कुंडली म्हणजे टाइमशीट. जपानी शीटचं एक पान सहा सेकंदांचं, १४४ ओळी, एका ओळीला एक फ्रेम. रकाने ए, बी, सी, डी: कुठल्या फ्रेमला कुठल्या थरावर कुठलं चित्र. ‘ए’ वर पिकाचूचं धड, ‘बी’ वर तोंड, ‘सी’ वर ॲशचा हात. इथे आकडा चुकला की हात एका फ्रेमपुरता गालाच्या मागे जातो. पाहणाऱ्याला नक्की काय झालं ते कळत नाही, पण काहीतरी टोचतं. थर फार झाले की वेगळी भानगड. सेल पूर्ण पारदर्शक नसतो, खालच्या थराचा रंग किंचित मंद पडतो. तेच पात्र एका कटात खालच्या थरावर आणि पुढच्यात वरच्या थरावर गेलं तर पिवळा बदललेला दिसतो. शिवाय धूळ. सेलवर स्थिर वीज असते, ती केस-कण ओढते. काचेखाली दाबताना एक केस राहिला की तो पूर्ण कटभर पडद्यावर.

---

चिंगी

धन्यवाद! मग विजेचा तो डोळे दिपवणारा उजेड? तो रंगाने कसा येईल?

---

फ्रेमवाला

रंगाने येतच नाही. पांढऱ्या रंगावर कितीही प्रकाश टाका, तो कागदासारखाच पांढरा. खरा झगझगाट हवा तर प्रकाश मागून आला पाहिजे. जपानी स्टुडिओत त्याला तोकाको म्हणतात, आरपार येणारा प्रकाश.

आधी वीज नसलेला नेहमीचा कट चित्रित करायचा. फिल्म तेवढीच मागे गुंडाळायची. आता कॅमेऱ्याखाली काळा मुखवटा ठेवायचा, त्यात फक्त विजेच्या आकाराची फट. वरचे दिवे बंद, खालचा दिवा चालू, मध्ये पिवळी किंवा निळी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी. त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रीकरण. लेन्सवर मंद गाळणी लावली की कडा पसरतात आणि वीज जिवंत दिसते. चूक कुठे होते? फिल्म एक फ्रेम कमी-जास्त मागे गेली की वीज प्राण्यापासून सुटते. मुखवट्याला सुईएवढं छिद्र असेल तर आकाशात नको तिथे तारा चमकतो. दोन्ही चुका फिल्म धुऊन आल्यावरच कळतात, आणि तोवर कट पुन्हा करायला वेळ असेलच असं नाही.

---

एक्सशीट

आणि इथूनच आपण १६ डिसेंबर १९९७ ला येतो.

तोकाको महाग, वेळखाऊ. दुसरं जुनं, स्वस्त तंत्र म्हणजे पाका-पाका: दोन रंगांच्या चौकटी आलटून पालटून लावायच्या. त्यात रेखाटन नाही, मधली चित्रं नाहीत, टाइमशीटवर नुसतं १-२-१-२ लिहायचं. स्फोट, हल्ला, धोका, कशालाही चालतं. बाकीच्या मालिकाही ते वापरत होत्याच.

अडतिसाव्या भागात कथा संगणकाच्या आत घडते. विषाणूनाशक प्रोग्रॅम क्षेपणास्त्रं सोडतो, पिकाचू त्यांवर वीज टाकतो, स्फोट होतो. तो स्फोट लाल-निळ्या पाका-पाकाने केला. सेकंदाला २४ फ्रेम, एक लाल, एक निळी: म्हणजे सेकंदाला १२ पूर्ण आवर्तनं. नेमका हाच १२ चा आकडा नंतर सगळीकडे छापून आला. संध्याकाळी ६ वाजून ५१ मिनिटं. तो स्फोट पाहून अनेक मुलांना झटके आले. रुग्णवाहिकांनी रुग्णालयात नेलेल्यांची संख्या ६८५.

---

भोपळा

म्हणजे त्या भागातल्या पोरिगॉन या प्राण्यामुळे झालं ना? म्हणूनच त्याला परत घेतलं नाही.

---

एक्सशीट

भोपळा, नाही. भागाच्या नावात पोरिगॉन आहे म्हणून आळ त्याच्यावर आला, स्फोट घडवणारी वीज पिकाचूची. पण परत घेतलं नाही हे खरं. पोरिगॉनच नाही, त्याची पुढची दोन रूपंही मालिकेत कधी मुख्य भूमिकेत आली नाहीत. मालिकेचा चेहरा कोण घालवणार?

---

नेत्रांजन

वैद्यकीय बाजू थोडक्यात, कारण ‘कार्टून पाहून झटके’ एवढ्यावर विषय सोडला की लोक भलतेच निष्कर्ष काढतात.

प्रकाशसंवेदी अपस्मार (लुकलुकत्या उजेडाने झटके येणं) असलेल्यांना सेकंदाला साधारण ३ ते ३० लुकलुकींचा त्रास होऊ शकतो, सर्वाधिक १५ ते २० च्या पट्ट्यात. १२ त्याच्या दारातच. पण इथे दोन गोष्टींची भर पडली. एक, गडद लाल, जो एरवीही सगळ्यात त्रासदायक. दोन, लाल आणि निळा यांची अदलाबदल. अशा वेळी एकूण उजेड फारसा बदलला नाही तरी रंगांतला फरक मेंदूला धक्का देतो. म्हणून काळ्या-पांढऱ्या लुकलुकीपुरते नियम असते तर ते इथे अपुरे पडले असते. चौकट पूर्ण पडदाभर, मुलं टीव्हीला चिकटून, हिवाळ्याची संध्याकाळ आणि खोलीत अंधार. जितका दृष्टीचा भाग व्यापला जातो तितका धोका जास्त.

त्या रात्री बातम्यांत तेच दृश्य पुन्हा दाखवलं गेलं आणि आणखी काही मुलांना त्रास झाला, हा वेगळाच अविचार. पुढच्या दिवसांत सांगितले गेलेले हजारोंचे आकडे मात्र वेगळे मोजावेत. त्यांत डोकेदुखी, मळमळ आणि ऐकीव भीती यांचा वाटा मोठा.

एप्रिल १९९८ मध्ये जपानची सार्वजनिक वाहिनी एनएचके आणि खासगी वाहिन्यांच्या संघटनेने नियम केले. लाल रंगाची लुकलुक सेकंदाला तीनपेक्षा जास्त नको, इतर रंगांची पाचपेक्षा जास्त नको, सलग दोन सेकंदांपलीकडे नको. पडद्याचा मोठा भाग व्यापणारे पट्टे आणि एकात एक वर्तुळंही टाळायची. ‘खोलीत उजेड ठेवून, लांबून बघा’ ही जपानी मालिकांच्या सुरुवातीची पाटी त्यानंतर सगळीकडे रुजली.

---

काजळरेघ

नेत्रांजन, फार उपयोगी. फ्रेमवाला, मग विजेच्या प्राण्याला नायक करून वीजच बंद?

---

फ्रेमवाला

बंद नाही, मंद. लुकलुकीऐवजी उजेड चढवायचा आणि उतरवायचा. पार्श्वभूमी अंधारी करून वीज स्थिर धरायची. पूर्ण पडद्याऐवजी फटीपुरताच झोत. सुरुवातीच्या गाण्यातही बदल केला: काळ्या पडद्यावर एकामागून एक झळकणारे प्राणी होते, तिथे एका पडद्यावर चार-चार बसवले. म्हणजे झळकणं चौपट कमी.

---

निशाचर

मालिका चार महिने बंद होती. १६ एप्रिल १९९८ ला परतली ती मंगळवारऐवजी गुरुवारी, दोन भागांच्या तासाभराच्या कार्यक्रमाने. बंद पडण्याचा एक परिणाम फारसा कुणी मांडत नाही: क्रम.

साप्ताहिक मालिकेचे अनेक भाग एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. एकाचं लेखन, एकाची की-चित्रं, एकाचा आवाज. प्रक्षेपण थांबलं तेव्हा नाताळचा भाग आणि बर्फातल्या मुक्कामाचा भाग दाखवायच्या बेतात होते. एप्रिलमध्ये नाताळ कसा दाखवणार? ते दोन्ही मागे ठेवले आणि ५ ऑक्टोबर १९९८ ला विशेष म्हणून दाखवले. तोवर प्रेक्षकांनी चारमँडर वाढून चारिझार्ड झालेला पाहिला होता. आणि इथे तो पुन्हा इवलासा, गुहेत शेकोटी करायला! सेलवर झालेल्या कामात मागाहून प्राणी बदलता येत नाही, तो कट नव्याने रंगवून नव्याने चित्रितच करावा लागतो.

अवांतर: मालिकेने खेळालाही बदललं. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये जपानात आलेल्या ‘यलो’ आवृत्तीत पिकाचू चेंडूबाहेर, नायकाच्या मागे चालतो आणि टीम रॉकेटची जोडगोळीही आहे. खेळातून मालिका, मालिकेतून खेळ.

---

शब्दवेल्हाळ

उशिरा आलो. धागाकर्तीने मांडलेल्या पहिल्या निर्णयाची किंमत कुणी सांगितलीच नाही: प्राणी स्वतःचं नाव घेतात.

जपानात हे स्वस्तात पडलं. संवाद लिहायला नकोत, सगळा भाव सुरावर. इकुए ओतानी यांनी ‘पि’, ‘का’, ‘चू’ या तीन अक्षरांत राग, लाड, धाप, सगळं बसवलं. पण १९९८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मालिका नेताना नावं बदलली. हितोकागेचा चारमँडर, फुशिगिदानेचा बुल्बासॉर. आता प्राणी स्वतःचं नाव घेत असेल तर नाव बदललं की त्याची प्रत्येक आरोळी नव्याने ध्वनिमुद्रित करावी लागते. एकेका भागात असे दहा-बारा प्राणी. पिकाचूचं नाव तसंच ठेवलं, म्हणून ओतानींचाच आवाज जगभर गेला.

टीम रॉकेटमधला मांजरासारखा मिऊथ हा अपवाद, तो माणसासारखा बोलतो. नियम मोडायचा तर कारण हवं, म्हणून नंतर एक भाग खास त्यासाठी दिला: एका मादीवर छाप पाडायला तो बोलायला शिकला, आणि त्यात एवढी शक्ती खर्च झाली की बाकी कला राहिल्या. पटकथेतला हा खर्च मला उत्तम वाटतो.

बाकी अमेरिकन कापाकापी ठाऊक आहेच. पार्श्वसंगीत बरंचसं बदललं, जपानी पाट्या पुसल्या, तांदळाच्या गोळ्याला डोनट म्हटलं आणि पुढे कधीकधी त्यावर चक्क सँडविच रंगवलं. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर २००३ पासून हिंदीत आली ती याच आवृत्तीवरून, म्हणून आपला नायक जपानी नावाचा सातोशी नसून ॲश.

---

भोपळा

अच्छा! मग एक शंका. ॲशकडे मध्येच तीस टॉरस (ते बैल) कुठून आले? पकडताना तर दाखवलेच नाहीत.

---

शब्दवेल्हाळ

दाखवलेत, पस्तिसाव्या भागात. सफारी झोनमध्ये तो दुसऱ्याच प्राण्यांवर चेंडू टाकतो आणि दर वेळी मध्ये टॉरस येऊन आदळतो. त्या भागात रखवालदार पात्रांवर पिस्तूल रोखतो, म्हणून अमेरिकन आवृत्तीत तो भागच केला नाही. पुढच्या भागांत टॉरसचा कळप मात्र आहे तसा राहिला.